गळक्या नळाचं टाचण

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या म्हणजे मुख्याध्यापिका, वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहानच. बावीस वर्षं सहावी सांभाळली, सत्कारबित्कार असेल म्हणून शर्ट खोचून गेलो.

सत्कार नव्हता. वीस तारखेला तपासनीस साहेब येणार, माझा एक पाठ बघणार. पाठ ‘एकात्मिक’ हवा. म्हणजे एकाच तासात गणित, विज्ञान, भाषा, भूगोल, इतिहास, सगळं. शिवाय मुलांना गंमत वाटली पाहिजे. नाही जमलं, तर दोन मार्चपासून सहावी नव्या बाईंकडे आणि मी कार्यालयात, दाखले लिहायला.

मी म्हटलं, त्यात काय एवढं.

घरी आलो तेव्हा छातीत धडधडत होतं. जिना चढल्यामुळे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

संकल्प. रोज पहाटे पाचला उठून पाठाचं टाचण लिहिणे. वर्गात न ओरडणे. ‘गप्प बसा’ऐवजी ‘छान, आता ऐकूया’ म्हणणे.

उठलो ७.१०. अलार्म वाजलाच नाही. बायको म्हणते तीनदा वाजला, तिन्ही वेळा मीच बंद केला. झोपेतल्या माणसाच्या साक्षीला अर्थ नसतो, हे तिला कोण सांगणार.

पहिल्या तासाला ‘छान, आता ऐकूया’ म्हटलं. कुणी ऐकलं नाही. मग ओरडलो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

झकास कल्पना. टोमॅटो! एका टोमॅटोत सगळे विषय: कापला की अपूर्णांक, आत बिया, तो कुठून आला तो भूगोल, कधी आला तो इतिहास. एक मोठा, लालबुंद टोमॅटो घेऊन वर्गात गेलो. गणित उत्तम झालं. आठ तुकडे केले. फळ्यावर एक अष्टमांश लिहून वळलो तर ताटलीत पाव टोमॅटो. विज्ञानाला वळलो तर नुसतं पाणी. भूगोल तोंडीच घ्यावा लागला.

कुणी खाल्ला विचारलं. एक्केचाळीस मुलं, एकाही चेहऱ्यावर अपराध नाही. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, सर, आणखी सात-आठ आणले असते तर सगळ्यांनाच कापता आले असते ना? हिला मी मनात शंकासुर म्हणतो. तासाला किमान चार शंका. साहेबांच्या दिवशी ही गैरहजर राहिली तर बरं.

७ फेब्रुवारी, शनिवार

नव्या बाईंचा वर्ग माझ्या भिंतीपलीकडे. दिवसभर हसण्याचे आवाज. मधल्या वेळेत खिडकीतून सहज, म्हणजे अगदी सहजच, डोकावलो. मुलं जमिनीवर पसरलेली, हातात दोऱ्या, एकमेकांची उंची मोजतायत. बाईही जमिनीवर. याला शिक्षण म्हणत नाहीत, सर्कस म्हणतात.

वर्गात येऊन म्हटलं, मनमोकळं हसत जा, तुम्हाला कुणी अडवलंय? एक्केचाळीस जण माझ्याकडे बघत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी.

९ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं!! आवारातला नळ गळतोय. टप, टप, टप. मिनिटाला थेंब किती, हे गणित. का गळतो, हे विज्ञान. पाणी कुठून येतं, भूगोल. नळ कधी बसवला, इतिहास. पाणीखात्याला तक्रारीचं पत्र, भाषा. थेंबाचं चित्र, कला. आणि साहेबांना नेऊन प्रत्यक्ष दाखवता येईल.

तेवढ्यात शिपाईमामा पाना घेऊन आले. वॉशर गेलंय, म्हणाले, पाच मिनिटांचं काम. मी नळापुढे आडवा उभा राहिलो. म्हटलं, मामा, वीस तारखेपर्यंत या नळाला हात लावलात तर माझ्याइतका वाईट कोणी नाही. मामांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि पाना खिशात घातला.

११ फेब्रुवारी, बुधवार

टाचण तयार. अकरा पानं. रकाने पाच: मिनिट, विषय, शिक्षक काय करतील, विद्यार्थी काय करतील, अपेक्षित प्रतिसाद. शेवटच्या रकान्यासाठी सगळ्यात जास्त कष्ट घेतले. उदाहरणार्थ, मिनिट सातवं: ‘मुले कुतूहलाने पुढे सरसावतील.’ मिनिट एकोणीस: ‘मुले उत्स्फूर्तपणे “अरे वा!” म्हणतील.’

बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, आणि मुलं तसं नाही म्हणाली तर? तिला रकान्यांचं शास्त्र माहीत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली तालीम. मुलांना नळाजवळ नेलं. मिनिटाला त्रेचाळीस थेंब. सगळ्यांचं एकच उत्तर आलं, म्हणजे चौघांनी मोजलं आणि बाकीच्यांनी बघून लिहिलं.

शंकासुर म्हणाली, सर, आपण दिवसाचं पाणी मोजलं, महिन्याचं मोजलं, मग नळ दुरुस्त का नाही करत? सांगितलं, तो आपल्या पाठाचा भाग नाही.

पत्रं लिहून घेतली. तिच्या पत्रात मजकूर बरा होता, थेंबांचा तक्ताही जोडलेला. पण तारीख डावीकडे, विषयाची ओळ नाही, समास सोडलेला नाही. दहापैकी सहा. तिनं विचारलं, सर, हे पाठवायचं कधी? म्हटलं, पाठवायचं नसतं गं, हे मार्कांसाठी असतं. पाठवायला वेगळे मार्क नाहीत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चौथी तालीम. प्रगती थक्क करणारी. प्रश्न विचारायच्या आत उत्तर येतं. ‘अरे वा!’ तेवढं अजून उत्स्फूर्त होत नाही. खिडकीकडची रांग लवकर म्हणते, दाराकडची उशिरा. अकरा वेळा करून घेतलं. शेवटी पहिल्या बाकावरच्याला रडू आलं. त्याला म्हटलं, रड, पण वेळेवर.

१८ फेब्रुवारी, बुधवार

रोजनिशी कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला भीती वाटते. रात्री दोनदा उठून टाचण वाचलं. बायको म्हणाली, नव्या बाईंना विचारा की, शेजारीच आहेत, शिकवतील. म्हटलं, मी त्यांच्या जन्माआधीपासून... हिशेब केला. त्या तेव्हा पहिलीत असतील.

मला सहावीच हवी. दुसरं काही नको. कार्यालयात फक्त कपाटं आहेत. कपाटं ‘सर’ म्हणत नाहीत.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तोंडचं पाणी पळालं. नळाचंही.

दुपारी पाणीखात्याचा माणूस आला. हातात पत्र, पत्राला थेंबांचा तक्ता. म्हणाला, लहान मुलीनं इतकं व्यवस्थित मोजून कळवलं, आमच्या साहेबांनी लगेच पाठवलं. पाच मिनिटांत वॉशर बदललं. अख्ख्या सहावीनं टाळ्या वाजवल्या आणि एका सुरात ‘अरे वा!’ म्हटलं. पहिल्यांदाच सगळे एकदम. टाचणात आजची तारीख नव्हती.

शंकासुराला बाहेर बोलावलं. म्हणाली, सर, तुम्ही मार्क नाहीत म्हणालात, म्हणून बिनमार्कांचंच पाठवलं. रागावलो नाही. भिंतीला टेकून उभा राहिलो.

उद्या साहेब. अकरा पानं आणि कोरडा नळ.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.३०

उपाय सापडला. घरून पाना आणलाय. नळ जरासा सैल करायचा. मिनिटाला त्रेचाळीस थेंब, बस. हस्तकौशल्य विषय मी स्वतः शिकवतो.

तोच दिवस, दुपारी ४

नळ हातात आला.

पाणी आधी वर गेलं, मग आडवं. साहेब नेमके फाटकातून आत येत होते. गुडघ्यापर्यंत भिजले. मी भोकावर तळहात दाबून उभा होतो, त्यामुळे नमस्कार करता आला नाही.

आणि वर्गाची शिस्त साफ गेली. कुणी न सांगता मुलं पळत सुटली. दोघं बादल्या घेऊन आली. एक मोठ्यानं सेकंद मोजायला लागला. पंधरा लिटरची बादली वीस सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस लिटर, असं कुणीतरी ओरडलं. शंकासुर मामांना घेऊन थेट रस्त्याकडच्या झाकणापाशी गेली, मुख्य कॉक तिथे असतो, आपण नकाशात काढला होता, म्हणाली. मामांनी कॉक बंद केला. मी मिनिट सातवर जायचा प्रयत्न करत होतो, पण पानं भिजून एकमेकांना चिकटली होती.

साहेबांनी मुलांमध्ये बसकण मारली, ओल्या पँटसकट. हसत होते. मुलांनी कालची दुरुस्ती सांगितली, तेव्हा पाणीखात्याला पत्र कुणी लिहिलं, विचारलं. शंकासुर उभी राहिली. कुणी शिकवलं? सरांनी. किती मार्क दिले? सहा. चार कशाचे गेले? तारीख, विषय आणि समास. आणि सर म्हणाले होते पाठवायचं नसतं.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. फार थोडं लिहिलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

फलकावर आदेश. दोन मार्चपासून सहावी नव्या बाईंकडे. शेरेबुकात साहेबांचा शेरा: ‘मुले उत्तम. शिक्षकांनी मध्ये पडू नये.’ पहिलं वाक्य माझ्या बावीस वर्षांचंच फळ आहे, हे कुणालाही मान्य करावं लागेल. दुसरं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. वेगळा अर्थ निघत नाही.

खाली बारीक अक्षरांत: हरकत असल्यास शनिवार अठ्ठावीस, दुपारी एकपर्यंत कार्यालयात लेखी द्यावी. शिक्षक, पालक, विद्यार्थी, कुणीही.

मी देणार नाही. माझ्या तोंडानं माझं कौतुक? लोकच बोलतील.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लोक अजून बोललेले नाहीत.

वर्गात नीट शिकवता आलं नाही. वह्या तपासत बसलो. मुलंही गप्प बसून होती, कुणी न सांगता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटच्या तासाला शंकासुर टेबलाशी आली. मागे अख्खी रांग. मोठ्या बाईंना लिहिलेलं पत्र होतं. म्हणाली, सर, आम्ही हरकत घेतोय, आधी तुम्ही बघा.

जसंच्या तसं उतरवून ठेवतो. ‘आमचे सर आम्हाला ठेवा. सर ओरडतात. सरांनी नळाला हात लावू नये. पण वर्गात कुणाचीही वही पडली, नाव नसलं तरी सर अक्षर बघून सांगतात कुणाची ते. ज्याला ताप होता त्याच्या घरी सर तीन दिवस गेले आणि अपूर्णांक समजावून आले. नव्या बाई छान आहेत. पण त्यांचा त्यांना वर्ग आहे. सरांना दुसरा नाही.’

डोळ्यांत काहीतरी गेलं. खडूची पूड असणार.

पण तारीख डावीकडे. विषय नाही. समास नाही. पाच सह्या राहिलेल्या. असलं पत्र मोठ्या बाईंपुढे गेलं तर नाव कुणाचं जाईल? शिकवणाऱ्याचंच. लाल पेननं खुणा केल्या. म्हटलं, घाई नको, स्वच्छ लिहून काढा. तिनं विचारलं, उद्या एकपर्यंतच द्यायचंय ना? म्हटलं, चांगल्या कामाला उशीर झाला तर कुणी नाही म्हणत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १२.२०

आत्ता शंकासुर घराच्या दारात येऊन गेली. धापा टाकत. दोघं गावाला गेलेत, त्यांच्या सह्या नाहीत, नव्या कागदावर शाई सांडली. सर, जुनंच देऊ का? शाळा सात मिनिटांवर आहे, पळत जाते. शांतपणे समजावलं. लाल खुणा असलेला कागद कार्यालयात देत नाहीत. गेली. बायको दारात उभी होती. तिनं घड्याळाकडे बघितलं.

१२.५०

अजून दहा मिनिटं आहेत. चपला घालून फाटकापर्यंत गेलो. ती गल्लीत कुठे दिसली नाही. परत आलो.

१.०५

पाच-दहा मिनिटं कुणी धरत नाही.

२ मार्च, सोमवार

कार्यालयातला पहिला दिवस. टेबल खिडकीशी, खुर्चीचा एक पाय आखूड. कपाटं चार. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज येत नाहीत, मध्ये दोन खोल्या आहेत.

मधल्या सुट्टीत शंकासुर खिडकीशी आली. कागद पुढे केला. बघितला. तारीख उजवीकडे. विषयाची ओळ आहे. मायना बरोबर. समास दोन बोटं, सरळ. एक्केचाळीस सह्या, सगळ्या ओळखल्या. चूक शोधली, पुन्हा शोधली, एकही सापडली नाही. बावीस वर्षांत कुणाला दिले नव्हते, दहापैकी दहा दिले.

ती म्हणाली, मग आता हे कुणाकडे देऊ, सर? शाळेत येणारी पत्रं आजपासून माझ्याच टेबलावर येतात. आवक नोंदवही उघडली. शाईचं पेन घेतलं. चांगल्या अक्षरात, समास सोडून लिहिलं:

‘इयत्ता सहावी, हरकत अर्ज. मुदतीनंतर प्राप्त.’