भिंगरीला हात लावू नका

१० जुलै, सोमवार

भिंगरी आजपासून पुन्हा शाळेत! छातीचं ऑपरेशन झाल्यापासून घरातच होती बिचारी. मी आधीच जाऊन वर्गाच्या बाईंना गाठलं. या वर्गाच्या खोड्या मला पाठ आहेत — मागून गुडघ्यात गुडघा मारून पाडायचं, केस कापून आलेल्याला टपली, नवे बूट दिसले की प्रत्येकाने त्यांवर पाय द्यायचा. यातल्या निम्म्या खोड्या आमच्याच कार्टीने सुरू केलेल्या! म्हटलं, "बाई, हात जोडतो, हिला कोणी हात लावायचा नाही." बाईंनी माझ्यासमोरच पोरांना दम भरला. वर मी आपली फोडणी घातली — "धक्का लागला तर हिचं हृदय बंद पडेल!" वर्ग चिडीचूप. भिंगरी जमिनीकडे बघत होती.

आता काळजी नाही.

१२ जुलै, बुधवार

अंगावर साधा ओरखडा नाही. छान.

१४ जुलै, शुक्रवार

जेवताना म्हणाली, "बाबा, आज मी टोळला मागून पाडलं." टोळ म्हणजे तिची जिवलग मैत्रीण, लांबच लांब पायांची.

"मग?"

"उठली, कपडे झटकले आणि सॉरी म्हणाली. मीच पाडलं, आणि सॉरी तीच!"

मी हसलो. भिंगरी ताटात बोट फिरवत बसली.

१८ जुलै, मंगळवार

तपासणी झाली. डॉक्टर म्हणतात, "ठणठणीत आहे. पळू दे, पडू दे, मारामाऱ्या करू दे." बाहेर येऊन मी चिडलो — हे आधी सांगायला काय झालं होतं! बायको म्हणाली, "आधीही सांगितलं होतं. तुम्ही ऐकलंत कुठे?"

१९ जुलै, बुधवार

पुन्हा शाळेत गेलो. "मुलांनो, ती बरी आहे. खुशाल मस्ती करा!" एकही पोर हसलं नाही. बाई हळूच म्हणाल्या, "अहो, खोड्या काढा असा हुकूम मी कसा सोडू?" खरंच आहे. काय करू, काही सुचत नाही. दुकानात दोन चष्म्यांची भिंगं चुकीची घासली. मालकांनी झापलं.

२४ जुलै, सोमवार

भिंगरीला नवे बूट घेतले. पांढरे! मुद्दामच. बायकोच्या भावाला फोनवर सांगितलं, तर तो तिकडे परदेशात खो-खो हसतोय — "भावोजी, इथली पोरंही नवे बूट असेच तुडवतात." मला धीर आला.

२५ जुलै, मंगळवार

बूट जसेच्या तसे! टोळने म्हणे पाय उचलला होता, मग खाली ठेवला.

"बाबा, तू त्यांना तसं का सांगितलंस?"

मी घाबरलो होतो, एवढंच. आता शब्द परत घेता येत नाही आणि पोरीचं तोंड बघवत नाही. स्वतःचाच राग येतोय.

२७ जुलै, गुरुवार

शाळेतून आली ती गणवेशातच पालथी झोपली. पाठीवर कागद चिकटवलेला — "मला टपली मारा!" मी आनंदाने ओरडणारच होतो. बायकोला खुणेने बोलावलं. ती वाकून बघत म्हणाली, "नीट बघा."

चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, अगदी व्यवस्थित. अक्षर भिंगरीचं.

टपली मारायला हात उचलला. हात तिच्या केसांवर नुसताच टेकला. मलाही मारवली नाही.