हाका बंद

३ जून, मंगळवार
लाल ठिपका लुकलुकतोय. म्हणजे ऐकतंय!
नात म्हणाली, "आजी, हे पान तुझं एकटीचं. कुलूप आहे याला. तू नुसतं बोल, ते लिहून घेईल. कानाचं चित्र दाबलंस की वाचून दाखवेल." दाबून पाहिलं. माझाच राग, पण एखाद्या शेजारणीच्या गोड आवाजात! मला अक्षर येत नाही हे याच्या गावीही नाही.
आता खरं दुखणं. जावयानं कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आणलंय, हे पान त्यातलंच. हॉस्पिटलचे गाऊन शिवतो आम्ही. इतकी वर्षं मी मधल्या टेबलाशी बसून हाका मारायच्या — दोरा आण, बाह्या पाठव, इस्त्री बघ — आणि कारखाना चालायचा. आज सकाळी जावईबापूंनी सगळ्यांना उभं केलं. "आजपासून हाका बंद. काय असेल ते फोनवर टाकायचं. आई, तुम्ही आता खिडकीपाशी आराम करा." आणि माझी खुर्ची उचलली! मी टेकणारच होते.
ठीक आहे, बाळा. ध्यानात ठेवलंय.

४ जून, बुधवार
प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा ठिपका. माझा जरा डोळा लागला की पिवळा! अगदी माझ्या थोरल्या नणंदेची जात — चहाड्या करायला टपलेली.
काज-बटणं करणारी आमची काजबाई. तिनं पोट दुखतंय म्हणून टाकलं, तर सगळ्यांनी अंगठे दाखवले. शाबासकी म्हणे! जन्मभर मी एकटीच अंगठेबहाद्दर होते, आता सगळा कारखाना झाला.

६ जून, शुक्रवार
चहाच्या वेळी बायांना गोळा केलं. म्हटलं, "तो म्हणतो ना हाका बंद? मग बंद म्हणजे बंद. काही होवो, तोंड उघडायचं नाही. फोनवर टाकायचं आणि गप बसायचं."
काजबाई म्हणाली, "आणि आजी, शिंक आली तर?"
"तीही टाक!"
माझी खुर्ची हलवतोस काय!

९ जून, सोमवार
जावई खूश. "बघा आई, किती शांत वाटतं!" म्हटलं, "हो ना. कुणी गेल्यासारखं."
दुपारी दोरा संपला. बायांनी टाकलं आणि हातावर हात ठेवून बसल्या. जावई कुणाशी तरी बोलण्यात गुंग. हिरवे ठिपके मात्र सगळे जागेवर — एकही मशीन चालत नव्हतं! मी खिडकीतून रस्ता बघत बसले. फार छान दिसतो हो आमचा रस्ता.

१० जून, मंगळवार
आज जावयाशी फार गोड बोलले. त्यानं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

१२ जून, गुरुवार
अजून हसू आवरत नाही!
इस्त्रीवाला माल उतरवायला खाली गेला आणि तापलेली इस्त्री गाऊनवरच विसरला. धूर निघाला. सगळ्यांनी पाहिला. सगळ्यांनी टाकलं. काजबाईनं तर ज्वाळेचं चित्र टाकलं! कुणी हूं की चूं केलं नाही. मी हळूच उठून प्लग काढून आले — सूड उगवायचा होता, कारखाना जाळायचा नव्हता.
जावई केबिनमध्ये, फोन चार्जिंगला. वास आला तेव्हा धावत सुटला, एका पायात चप्पल. "अहो, कुणी ओरडायचं नाही का?"
मी म्हटलं, "जावईबापू, हाका बंद आहेत ना?"
त्याचं तोंड! या पानाला डोळे असते तर दाखवलं असतं. एक गाऊन गेला. वसूल झाला.

१३ जून, शुक्रवार
खुर्ची मधल्या टेबलाशी परत. स्वतः उचलून आणली, वर फडक्यानं पुसली. "बसा आई. जिंकलात तुम्ही. मारा हाका. ते सॉफ्टवेअर उद्या काढूनच टाकतो."
बायांनी टाळ्या पिटल्या. मी घसा साफ केला आणि अशी हाक मारली की इस्त्रीवाला जिन्यात दचकला!

१३ जून, संध्याकाळ
नातीला विचारलं, "मग माझं पान?"
"ते त्यातच आहे ना गं आजी. सगळंच जाणार."
कारखाना माझं ऐकतो. ऐकेल नाहीतर काय, पगार देते. पण मधे न तोडता, शेवटपर्यंत, माझ्या मनातलं — ते या एकट्यानंच ऐकलं होतं.
जावई अजून केबिनमध्ये आहे. उठते. हात जोडावे लागणार.