गिअरबॉक्सचा कूलर आणि सातवं वळण

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९

ठरलं. गाडीच्या गिअरबॉक्सला ऑइल कूलर मी बसवणार. स्वतः.

कारण चिरंजीव. काल जेवताना म्हणाला, आई, ते दातांचे डॉक्टर परत विचारत होते, बाबांची गाडी देताय का. जणू जुना फ्रिजच. लाल रंगाची, दोन सीटची, मागे इंजिन असलेली स्पोर्ट्‌स कार आहे ती! मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, अगं, घाट चढायला घेतली की सातव्या वळणावर तिचा गिअरबॉक्स तापतो. दर वेळी. तू तिथे एकटी अडकलीस तर मी काय करायचं?

मी म्हटलं, न थांबता माथ्यापर्यंत नेऊन दाखवली तर? तो हसला. म्हणाला, तर गाडीचं नाव काढणार नाही, पण थांबलीस तर डॉक्टरांना फोन. मी म्हटलं, कबूल. सूनबाई साक्षीदार. तारीख २ मार्च.

त्याला हे माहीत नाही की कूलर घरातच आहे. ह्यांनी कधीच आणून ठेवला होता. गॅरेजच्या वरच्या फळीवर, खोक्यात, सीलसुद्धा तोडलेलं नाही. दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी बसवू. बिचाऱ्यांना वेळच मिळाला नाही. त्यांचं राहिलेलं काम मी पुरं करणार.

माझा अनुभव: पस्तीस वर्षं दर रविवारी टॉर्च धरला आहे. म्हणजे निम्मं काम माझंच.

लागणारा वेळ: दोन दुपारी. फार तर तीन.

३ फेब्रुवारी

खोकं उघडलं. कूलर म्हणजे शाळेच्या पाटीएवढी एक जाळी, पातळ पातळ पट्ट्यांची. छोटा पंप गिअरबॉक्सच्या तळातून गरम ऑइल ओढतो, या जाळीतून फिरवतो, जाळीला वारा लागतो, ऑइल थंड होतं आणि वरच्या भोकातून परत आत जातं. इतकं सोपं! आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, काम समजलं की निम्मं झालं.

निम्मं अनुभवाचं, निम्मं समजल्याचं. काम झाल्यात जमा. वामकुक्षी घेतली.

५ फेब्रुवारी, दुपारी ४

मिस्त्रींनी गाडी स्टँडवर चढवून दिली. हे ह्यांचे जुने दोस्त, चौकात गॅरेज आहे त्यांचं. मला जमलं असतं, पण त्यांना बरं वाटतं.

ते गेल्यावर जुनी चटई टाकून गाडीखाली गेले. खालचा बोल्ट उघडला. जुनं ऑइल टबमध्ये धो धो. एक थेंब बाहेर नाही! (दोन-तीन.) काय तो वास. सूनबाई नाक धरून म्हणाली, शी, आई, कुजक्या अंड्यांसारखा येतोय. मला मात्र ह्यांचा रविवारचा शर्ट आठवला. कितीही धुतला तरी तो वास जायचा नाही, आणि मी उगाच कुरकुर करायचे. पाच मिनिटं तशीच पडून राहिले.

मग वरचा बोल्ट. तो हलेना.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

अजून हलेना. गिअरबॉक्स रिकामा आणि भरायला भोक नाही.

मिस्त्री आले. कपाळाला हात लावून म्हणाले, वहिनी, आधी वरचा उघडतो का ते बघायचं, मगच खालच्याला हात लावायचा. दादांनी हे सांगितलं नाही कधी? मी म्हटलं, सांगितलं असेल, पण ते माझ्याशी बोलत नसत, बोल्टशी बोलत.

मिस्त्रींनी तो गॅसने तापवून दहा मिनिटांत काढला. मी आधीच बराच ढिला केला होता.

८ फेब्रुवारी

एका हातात पाना, एका हातात टॉर्च. जमत नाही. सूनबाईला हाक मारली. ती कानात फोन घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, तशीच आली. मीच म्हटलं, डोळ्यांत नको, नटावर. इकडे. अगं इकडे. शब्द न शब्द ह्यांचा! दोघी हसत सुटलो. मीटिंगमधल्या लोकांनी तिला विचारलं म्हणे, नट कुठला.

कूलरची जागा ठरली. मागच्या डाव्या चाकाच्या वर, जिथे बाजूच्या जाळीतून वारा येतो तिथे. ह्यांनी तिथे खडूने चौकोन काढून ठेवला होता. अजून पुसला गेलेला नाही. मीही पुसला नाही, त्यावरच बसवला.

१२ फेब्रुवारी

दोन्ही पाइप जोडले. नवीन ऑइल भरलं. पंपाचं बटण दाबलं. पंप कोरडाच किंचाळायला लागला. शेजारच्या काकू गॅलरीत येऊन विचारतात, मिक्सर बिघडला का हो?

मिस्त्री फोनवर म्हणाले, पाइप उलटे लागलेत, वहिनी. तपासलं. तत्त्वतः बरोबरच होते, फक्त टोकं बदलली होती.

१३ फेब्रुवारी

पाइप सुलटे. पंप गुरगुरतो, मांजरासारखा. ऑइल फिरतंय. अकरा दिवसांत झालं. दोन दुपारी म्हटलं होतं, पण त्या सलग नव्हत्या, एवढंच.

१७ फेब्रुवारी

कूलर इतका चकचकीत आहे की बघवत नाही. चाकाची सगळी माती, खडी उडून त्यावर बसणार. आपल्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहिली आहे का? फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, रिमोटलाही होतं (चिरंजीवाने फेकलं).

तर आज कूलरला कव्हर शिवलं. राखाडी जाड कॉटन, आतून अस्तर, भोवती इलॅस्टिक. कडेला निळ्या दोऱ्याने ब्लँकेट स्टिच, सिस्टरांनी शिकवली तशी, टाक्यात टाका. एका कोपऱ्यात ह्यांच्या नावाचं अक्षर भरलं. चपखल बसलं. सूनबाई म्हणाली, आई, पण वारा? मी समजावलं, कॉटन आहे, श्वास घेतं. तिने मान डोलावली. शिकेल हळूहळू.

वरून पत्रा लावून टाकला. आता उघडायचं काम नाही.

२३ फेब्रुवारी

चाचणी. कॉलनीला दोन फेऱ्या, पेट्रोल पंपापर्यंत, परत. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. पूर्ण यश. चिरंजीव म्हणाला, आई, सपाट रस्त्यावर तो कधीच हलत नव्हता. मत्सर.

१ मार्च

उद्या. डॉक्टरांसाठी नकाराचं पत्र लिहून ठेवलं. सौम्य, पण ठाम. त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात दाढ दाखवायची आहे.

२ मार्च, रविवार, सकाळी ६.३०

निघतोय. मी चालवणार, चिरंजीव शेजारी. माथ्यावर आनंद साजरा करायला थर्मासमध्ये चहा. दोन कप. लिमलेटच्या गोळ्याही. का घेतल्या कोण जाणे, सवयीने हात गेला.

२ मार्च, संध्याकाळी ६

पहिलं वळण, दुसरं, तिसरं. गाडी अशी की तिचं वय कुणी ओळखू नये. चौथ्यावर चिरंजीव म्हणाला, आई, जरा हळू. मी हळूच होते. पाचव्यावर काटा उठला. चढताना उठतोच थोडा. सहाव्यावर तो म्हणाला, आई, लाल. मी म्हटलं, गाडीच लाल आहे. तो म्हणाला, काटा.

सातव्या वळणावर थांबले.

ते दगडी कठड्याचं वळण, ते वाकडं झाड, सगळं जागच्या जागी. कठड्यावर बसलो. चहा काढला. लिमलेटची गोळी पुढे केली तर चिरंजीव कागद सोडता सोडता म्हणाला, मी तुझ्या मांडीवर बसून यायचो ना, तेव्हा मला वाटायचं रस्ता इथेच संपतो. बाबा इंजिनचं झाकण उघडायचे, मग बंद करायचे आणि मग तुम्ही दोघं नुसते गप्पा मारायचात. मी ट्रक मोजायचो.

आम्हीही मोजले. सतरा. अर्ध्या तासाने काटा खाली आला. गाडी वळवून मिस्त्रींकडे उतरलो.

त्यांनी पत्रा काढला, हात आत घातला. मग दोन बोटांत धरून कव्हर बाहेर काढलं. म्हणाले, वहिनी, हे काय? मी म्हटलं, कव्हर. म्हणाले, ज्याला वारा लागायला हवा त्याला तुम्ही स्वेटर घातलात? चिरंजीव गाडीमागे जाऊन हसला. मला दिसत होतं.

(ब्लँकेट स्टिचचा एक टाकाही उसवलेला नाही. एवढ्या उष्णतेत.)

मी म्हटलं, ह्यांचं राहिलेलं काम पुरं करायचं होतं हो. त्यांना वेळ मिळाला नाही. मिस्त्री हात पुसत म्हणाले, वेळ? दादांना मी दोनदा म्हटलं, आणा तो कूलर, तासाभरात बसवून देतो. म्हणाले, नको रे बाबा, मग सातव्या वळणावर थांबायला हिला कारण काय सांगू?

डोळ्यांत ऑइलचं काहीतरी गेलं होतं.

घरी येऊन चिरंजीवाला म्हटलं, हरले. लाव फोन. त्याने माझ्यासमोरच लावला. म्हणाला, डॉक्टर, गाडी द्यायला हरकत नाही, पण एक आहे, ती सातव्या वळणाच्या पुढे जात नाही. नाही, दुरुस्त होत नाही. प्रयत्न करून झाला. आईने स्वतः केला. डॉक्टर म्हणाले, मग राहू द्या.

म्हणजे शेवटी गाडी माझ्या कामामुळेच वाचली. चिरंजीवाची एक अट मात्र आहे. घाटात जायचं ते त्याला घेऊनच.

मिस्त्रींनी माझ्या सांगण्यावरून कूलर काढून दिला. धुतला, पुसला, कव्हर घातलं, खोक्यात ठेवून वरच्या फळीवर. धूळ बसायची भीती नाही.

पुढच्या वर्षी बसवू.