अकरा नंबरचा आवाज

सर,

तुम्हाला लिहायचं तर आधी रागवावं लागतं, नाहीतर मला रडू येतं आणि मग कागद तसाच राहतो. म्हणून रागानेच सुरुवात करते. तुम्ही त्या दिवशी दरीच्या बाजूला का उभे राहिलात? आम्हाला शंभरदा बजावलंत, ओरडलात, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तुम्हाला तुमचाच नियम आठवला नाही?

ट्रेकच्या आदल्या शनिवारी तुमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात आम्ही पोरं दाटीवाटीने उभी असायचो. तुम्ही ओट्यावर मूठभर पीठ पसरून त्यात बोटाने रेघ ओढायचात. हा डोंगर, ही दरी, आणि ही मधली हातभर रुंदीची वाट. समोरून कुणी चढत आलं तर उतरणाऱ्याने थांबायचं, कारण चढणाऱ्याचा दम तुटतो. आणि थांबायचं ते पाठ डोंगराला लावून. दरीच्या बाजूला कधीही नाही, पावसाळ्यानंतर तर नाहीच, कारण तेव्हा कडेला जे हिरवं दिसतं त्याच्याखाली जमीन असेलच असं नाही, नुसतं गवत पुढे झुकलेलं असतं. काकू मागून म्हणायच्या, "अहो, थालीपिठाची भाजणी आहे ती, तुमचा खडू नाही." तुम्ही ती तशीच गोळा करून डब्यात भरायचात आणि पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच भाजणीची थालीपिठं खायचो. एकदा मी एका म्हातारबाबांना वाट द्यायला चुकून बाहेरच्या बाजूला सरकले, तर तुम्ही मागून असे ओरडलात की पुढची सगळी रांग थांबली. "बारा! पाठ डोंगराला!" मला इतकी लाज वाटली की पुढे तासभर मी तुमच्याशी बोलले नाही. मग तुम्ही काही न बोलता माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवलेत. तुमची माफी मागायची पद्धत तीच होती, आणि खरं तर तेव्हा माफी मीच मागायला हवी होती.

बारा हा माझा नंबर. तुम्ही ट्रेकला सगळ्यांना नंबर द्यायचात. निघताना, थांबताना, वरून उतरायच्या आधी प्रत्येकाने आपापला नंबर ओरडून सांगायचा, आणि शेवटी सगळ्यांच्या मागे उभे असलेले तुम्ही स्वतःचा नंबर म्हणायचात. त्या दिवशी आम्ही बावीस होतो आणि तुम्ही तेवीस. तुमचा नंबर ऐकू आला की रांग हलायची. अकरा माझी मैत्रीण होती. कॉलेजात आम्ही एकाच बाकावर बसायचो. बसायचो म्हणजे मी बसायचे, ती बऱ्याचदा नसायची. तुमच्या केमिस्ट्रीच्या तासाला तिची हजेरी मीच लावायचे, आवाज जरा बारीक करून, "प्रेझेंट सर". तुम्हाला ते कळायचं. रजिस्टरमधून मान वर न काढता तुम्ही म्हणायचात, "आज हिचा घसा बसलेला दिसतोय, गरम पाणी प्यायला सांगा." वर्ग हसायचा, तुम्हीही हसायचात, आणि हजेरी लावून टाकायचात. तेव्हाच दोन कानाखाली का वाजवल्या नाहीत, सर?

त्या किल्ल्याचं नाव मी लिहिणार नाही. भाद्रपदाचे दिवस होते, सगळा माथा सोनकीने पिवळा झालेला, आणि ती फुलं बघायला माणसांची जत्रा लोटलेली. आमच्याबरोबरच वर एका ऑफिसची मोठी टोळी होती. सगळे नवखे, बायका चपला घालून आलेल्या, दोघं-तिघं सारखे शिट्ट्या मारत होते. तुम्ही घड्याळ बघून म्हणता, "चला, साडेचारची कल्याण एसटी गाठायचीय. ह्या लोकांच्या आधी कातळावरून उतरलो नाही तर इथेच अडकू." तेवढ्यात ती माझा दंड ओढते. "अगं, टाक्यापाशी बाटली विसरलेय मी, आईची आहे, मारेल मला. आले हां दोन मिनिटांत." आणि पळते. तुम्हाला सांगत नाही, कारण तुम्ही जाऊ दिलं नसतंत. तुम्ही मोजणी सुरू करता. आठ, नऊ, दहा. मी मागे वळून बघते, ती दिसत नाही. दोन मिनिटांचा तर प्रश्न, येईल की धावत. मी मान खाली घालते आणि तोच वर्गातला बारीक आवाज काढून म्हणते, "अकरा." मग लगेच माझ्या आवाजात, "बारा." बाजूला ऑफिसवाल्यांचा गोंधळ चाललेला. सगळ्यात मागून तुम्ही म्हणता, "तेवीस." आणि रांग हलते.

मी काय केलं ते एवढंच आहे. लिहायला दोन ओळी पुरतात आणि मला ते सव्वीस वर्षं लिहिता आलं नव्हतं.

उतरताना मी सारखी मागे बघत होते. कातळटप्पा झाला, आडवी वाट झाली, गाव दिसायला लागलं. दर वळणावर वाटायचं, आत्ता सांगते. आणि दर वळणावर सांगणं जास्त अवघड होत गेलं. खाली पाराजवळ तुम्ही पुन्हा मोजणी घेतलीत. एसटी लागलेली, इंजिन घुरघुरतंय, कंडक्टर दारातून हाका मारतोय. आठ, नऊ, दहा. मग कुणीच काही बोललं नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत, "अकरा?" आणि मग हळूच म्हणालात, "वर तर अकरा आला होता." आणि सर, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. बाविसांतल्या बाकी कुणाकडे नाही. तुम्हाला कळलं होतं ना? वर्षभर तो आवाज ऐकलेला माणूस तुम्ही. पण विचारलं नाहीत. पाठीवरची सॅक माझ्याजवळ ठेवलीत आणि म्हणालात, "बारा, सगळ्यांना एका जागी बसव. कुणाला हलू देऊ नको. मी आलोच."

पुढचं मला तिने सांगितलं. बाटली मिळाल्यावर ती परत आली तर आपण कुणी नव्हतो, म्हणून ती ऑफिसवाल्यांच्या मागे मागे उतरायला लागली. आडव्या वाटेवर ती सगळी माणसं घाबरून गेली होती. डोंगराला चिकटून, एकमेकांच्या पिशव्या धरून सरकत होती, आणि मागचे पुढच्यांना ढकलत होते. तुम्ही समोरून चढत होतात. नियमाने त्यांनी थांबायला हवं होतं, पण थांबण्याच्या अवस्थेत कुणी नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तुम्ही या. भिंतीला हात लावून या, खाली बघू नका, मी थांबतो." आणि डोंगराची बाजू त्यांना देऊन तुम्ही बाहेर गवतात उभे राहिलात. एकेकाला हात देऊन पुढे काढलंत. ती जवळ आली तेव्हा तुमचा चेहरा एकदम उजळला, असं ती सांगते. "अकरा! अगं, कुठे होतीस तू?" असं म्हणून तिच्याकडे वळलात, आणि पायाखालचं गवत गेलं. ओरडलातसुद्धा नाहीत.

ती हे मला सांगत होती तेव्हा तिच्या हातात ती बाटली होती. "माझ्यामुळे गेले गं," म्हणाली. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मैत्रीण म्हणून जे जे करायचं ते सगळं केलं. फक्त खरं बोलले नाही.

नंतर कॉलेजात चौकशी झाली. पोरं म्हणाली, मोजणी झाली होती, पण वर गोंगाट फार होता. शेवटी कागदावर "मोजणीत चूक" असं आलं, आणि चूक नेहमी मोजणाऱ्याची धरली जाते. मी काकूंना भेटायला आले तेव्हा तुमच्या ओट्यापाशी कुणीतरी नातेवाईक बाई म्हणत होत्या, "इतका काटेकोर माणूस, पण पोरं नीट मोजली नाहीत हो." काकूंनी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला. मी तो चहा प्यायले. तुमच्या घरात बसून, तुमच्यावर आलेला बोल ऐकत मी चहा प्यायले, सर. याची मला स्वतःची जितकी किळस येते तितकी दुसऱ्या कशाचीच येत नाही.

आता मी घोडबंदर रोडला राहते, तेविसाव्या मजल्यावर. घर घेताना मजला मी निवडला नव्हता, हाच उरला होता. आठवडाभर ऑफिस, आणि पावसाळ्यानंतरचे रविवार डोंगरावर. लोकांना घेऊन जाते. तुम्ही बघाल तर म्हणाल, हा डोंगर आहे की कल्याणची भाजी मंडई. कातळाखाली दोन-दोन तास रांग लागते. कुणाच्या सॅकला गाणी वाजवणारा डबा लटकलेला, कुणी अगदी कड्याच्या टोकावर पाठमोरं उभं राहून व्हिडिओ काढून घेतंय, आणि खाली अडकलेले दोनशे लोक "अरे भाई, आगे बढ ना" म्हणून ओरडतायत. मी तिथली तोंडाळ बाई म्हणून प्रसिद्ध आहे. अनोळखी पोरांचे दंड धरून त्यांना डोंगराच्या बाजूला उभं करते. परवा एकजण म्हणाला, "ओ काकी, चिल ना, आपल्याला काय होत नाय." मी त्याला असं काही बोलले की त्याची मैत्रीणच त्याला ओढून आत घेऊन गेली. माझे लोक मोबाइलवरच्या यादीत खुणा करा म्हणतात. मी ऐकत नाही. प्रत्येकासमोर जाऊन उभी राहते, खांद्याला हात लावते, चेहरा बघते आणि मगच नंबर ऐकून घेते. तरीही दहा झाले की मला तो बारीक आवाज येतो. वारा असला तर जास्त येतो. पूर्वी मी खरोखर मागे वळून बघायचे. म्हणून मग मी अकरा नंबर देणंच बंद केलं. माझ्या यादीत दहानंतर बारा येतो. कुणी विचारलं तर सांगते, सवय आहे, सोडा.

ती, आपली अकरा, कळव्याला असते. तुम्ही गेल्यापासून एकदाही डोंगर चढलेली नाही. तिची मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिला डोंगराचं वेड लागलंय. दोन वर्षं आई-मुलीची भांडणं चालली होती. शेवटी गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "तुझ्यासोबत पाठवते. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवणार नाही. तू माणसं मोजतेस, म्हणून." मी म्हणाले, पाठव. तेव्हाच सांगायचं होतं. कळव्याला घरी जाऊन, समोर बसून सांगायचं ठरवलं होतं, वाक्यंही जुळवली होती. रविवार आला आणि पोरगी बूट घालून दारात उभी राहिली.

पायथ्याशी मी मोजणी घेतली. दहा जणांच्या खांद्याला हात लावून तिच्यापुढे आले आणि म्हणाले, "तू बारा." ती हसली. "मावशी, अकरा राहिला ना. गणित कच्चंय तुझं." तिच्या आईचं हसू आहे तिला. मी म्हणाले, "आमच्यात अकरा नसतो." दिवसभर मी तिच्या मागे दोन हातांवर चालले. एकदा वाट देताना ती बाहेरच्या बाजूला सरकली. ओरडण्याआधीच मी तिला दंडाला धरून आत ओढली. तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले. संध्याकाळी सहाच्या आत तिला तिच्या दारात पोचवलं.

तासाभराने तिच्या आईचा फोन आला. मला वाटलं, वळ दिसले असतील. पण ती वेगळंच बोलली. "ही सांगतेय, तुझ्या यादीत अकरा नंबरच नसतो. खरंय?" मी "हं" म्हणाले. मग ती म्हणाली, "इतकी वर्षं माझी जागा ठेवलीस तू? मला वाटायचं, सगळ्यांना मनातून वाटतच असेल की सर हिच्यामुळे गेले. तुला नाही वाटलं कधी. तू माझा नंबर कुणाला दिलाही नाहीस." ती रडत होती, सर, आणि त्या रडण्यात सुटका होती. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी ती पहिल्यांदाच ऐकली. "माझ्यासाठीच ना गं?" तिने विचारलं.

मी "हो" म्हणाले.

म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले. तिला लिहिणं मला जमत नाही आणि काकूंना लिहायची हिंमत नाही. हे पत्र कुठे जाणार नाही हे मला सुरुवातीपासून ठाऊक होतं, नाहीतर इतकं सरळ लिहिलंच नसतं. आता एकच राहिलंय. खाली पाराजवळ तुम्ही दुसऱ्यांदा मोजणी घेतलीत, तेव्हा दहानंतर मी तोंड उघडलं होतं. तोच आवाज काढायला. एसटी सुटत होती आणि मला वाटत होतं, येईल ती पुढच्या गाडीने. पण ऐन वेळी मला तिची काळजी वाटली आणि मी गप्प बसले. त्या अख्ख्या दिवसात मी एकदाच बरोबर वागले. तेव्हा खोटं बोलले असते, तर तुम्ही "तेवीस" म्हणून एसटीत चढला असतात आणि ती अर्ध्या तासाने बाटली घेऊन ऑफिसवाल्यांच्या मागून खाली आली असती. माझ्या मागे चालणाऱ्यांना मी हे कधीही शिकवणार नाही. पण तुम्हाला सांगते, सर, मी अजून रोज मनातल्या मनात ते दुसरं अकरा म्हणते.