बाटलीचं बूच

एल ग्वायाबो, १४ मार्च

प्रिय एर्सिलिया मावशी,

तुझा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही ठीक, कॉफीची तोडणी एकदाची संपली. पत्र ओनेलियाच्या हाती पाठवतेय. तुला वाचता येत नाही, तेव्हा तीच वाचून दाखवेल.

तिची तान्ही मारिसेल कालपासून दूध पितेय आणि ते पोटात टिकतंय. आतड्यात आतडं अडकलं होतं. मोठ्या इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, आणखी उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती.

तू काय केलंस ते ओनेलियाने मला तीनदा सांगितलं. पोट चोळायला तू तेल कोमट केलंस, पण आधी उलटीने भरलेलं फडकं मागितलंस. ते उजेडात धरलंस, आणि हिरवं दिसताच तेलाच्या बाटलीला बूच लावलंस. "हे माझ्या हाताचं काम नाही. वाटेत थेंबभरसुद्धा पाजू नकोस," म्हणालीस आणि त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी रस्त्यात उभी राहून दुधाची गाडी अडवलीस. वर मला टोमणा आहेच: "नर्सबाईंना सांग, मी चोळलं नाही. भिंतीवर लिही म्हणावं."

दवाखान्याच्या भिंतीवर कागद मीच लावला होता, की पोट चोळणाऱ्या बायांकडे मुलं नेऊ नका. आपल्याकडे तशी बाई तू एकटीच. दोन वर्षं माझ्याशी बोलली नाहीस, बरोबरच केलंस. लहानपणी घाटातल्या बसमध्ये मला मळमळलं की माझं कपाळ धरून लिंबाची साल हुंगायला देणारी तूच होतीस, मावशी. कागद डकवताना मला त्याची आठवणही झाली नाही.

तो मी काल फाडला. नव्यावर लिहिलंय: बाळाची उलटी हिरवी असेल तर थेट इस्पितळ गाठा. खाली तुझं नाव आहे.

त्या सकाळी ओनेलिया आधी माझ्याकडे आली होती. मी नेहमीचंच सांगितलं: उलटीनंतर दहा मिनिटं थांब, मग मीठ-साखरेचं पाणी चमचा-चमचा दे. साध्या उलटीला तेच लागतं. नंतर तिने विचारलं तेव्हा म्हटलं, सकाळी तशी काही खूण नव्हती.

ओनेलिया, इथे थांबू नकोस, मोठ्याने वाच. खूण होती. दुपट्यावरचा हिरवा डाग मी पाहिला होता. बाहेर रांग मोठी होती, म्हणून काही विचारलं नाही. तुझ्या तोंडावर हे सांगायचा धीर मला झाला नाही.

रविवारी मी नदी ओलांडून येतेय. तुम्ही दोघींनी दार उघडलं नाही, तरी उंबऱ्याशी बसून राहीन.

जिचं कपाळ तू धरलंस, ती
नोएमी