हात लावून दिलेला खो

सर, तुमच्या एका संध्याकाळच्या जोरावर मी पस्तीस वर्षं पोट भरलं. बहात्तरच्या दुष्काळात मोहोळजवळ रस्त्याचं काम निघालेलं. मी तिथं हजेरी घेणारा कारकून, तुम्ही सोलापूरच्या शाळेतले खेळाचे मास्तर. शाळा सुटली की एसटीनं यायचात, खडी फोडणाऱ्यांच्या मुलांना खो-खो खेळवायला. टँकरच्या पाण्यावरून दोन गावांची डोकी फुटलेली, आणि तुम्ही त्याच गावांची मुलं एकाआड एक बसवता. अजून दिसतं मला: एक बाप्या हातोडा घेऊनच येतो. "मास्तर, खो तोंडानं द्या की. आमच्या पोरीच्या पाठीला त्येंचा हात कशाला?" तुम्ही चिडत नाही. "नुसत्या तोंडाचा खो फाऊल असतो, पाव्हणं. बसा, तुमालाच देऊन दाखवतो." तो खरंच बसतो. तुम्ही दुसऱ्या गावच्या पोराला खूण करता, तो कचकन पाठीवर थाप मारून ओरडतो, "खो!" आणि लोकांच्या हसण्यात त्या बाप्याला पळावंच लागतं.

परदेशी मदत संस्थेच्या पाहुण्यांनी हे पाहिलं. आफ्रिकेत खेळातून गावं जोडायला त्यांनी आधी तुम्हालाच बोलावलं होतं. "मग उद्या ही पोरं कुणाची वाट बघतील?" म्हणालात, आणि माझ्याकडं बोट दाखवलंत. स्टेशनावर शेंगाचटणीची पुडी हातात देऊन म्हणालात, "लेका, खांब रोवणं सोपं. दुसऱ्या दिवशी तिथं परत जावं लागतं." माझे कान तिखट, सर. टोमणा ऐकला, हसून टाळला. दुसऱ्या दिवशी जायची सोय आमच्या धंद्यात नव्हतीच. खांब रोवायचे, फोटो काढायचे, अहवाल लिहायचा, पुढचा देश. एका ठिकाणी तेच खांब उपटून गाववाल्यांनी एकमेकांच्या डोक्यात घातले. पुढच्या अहवालातून मी त्या गावाचं नाव गाळलं.

सभांमधून मात्र तुमची गोष्ट हमखास चालायची. एकदा बोलता बोलता 'माझे दिवंगत गुरुजी' असं तोंडातून गेलं, आणि खुर्च्यांची कुरकुर थांबली, खोकणारे थांबले. असली शांतता मला तोवर कधी मिळाली नव्हती. मग जिथं बोललो तिथं तुम्ही दिवंगत. तेव्हा तुम्ही सोलापूरच्या उन्हात शिट्टी फुंकत होतात, मला कार्डं लिहीत होतात, 'सुटीत ये. पोरांना तुला बघायचंय.' इकडं संस्थेचे साहेब म्हणायचे, तुझ्या गुरुजींच्या मैदानावर जाऊन फुलं वाहू. मी दर वेळी सबब काढायचो. तुमच्यासमोर फुलं घेऊन कुठल्या तोंडानं उभं राहणार होतो? चार वर्षं घरीच आलो नाही. मग तुमच्या मुलीची तार आली. घडी करून खिशात ठेवली. कुणाला सांगणार? त्यांच्या लेखी तुम्ही केव्हाच गेला होतात. हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं नाही, म्हणून लिहितो. तार आली त्या रात्री खोलीचं दार लावून घेतलं, तेव्हा रडू आलं नाही. हायसं वाटलं. पुढच्याच महिन्यात साहेबांना घेऊन मी सोलापूरला आलो.