साडूचे रस्ते पुसले

४ मार्च
सूड घ्यायचा. ठरलं.
आज सासुरवाडीला जेवताना सासरे म्हणाले, कारखान्याचं नेटवर्क एकदा नीट बघून घ्यायचंय, डॉक्टरांना विचारतो. डॉक्टर म्हणजे माझे थोरले साडू. दातांचे डॉक्टर! आणि विमा कंपनीच्या सिस्टिम विभागात उभी हयात घालवलेला मी समोर बसून मुकाट जेवतोय. लक्ष वेधायला मी जोरात खाकरलो. सासऱ्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

५ मार्च
बायको म्हणाली, तुम्ही ऑफिसात प्रिंटरच बघता ना? तिला काय कळतंय. प्रिंटर हासुद्धा नेटवर्कचाच अवयव आहे.

७ मार्च
सासऱ्यांना स्वतःहून फोन केला. म्हणाले, डॉक्टर पेशंटमध्ये अडकलेत, तोवर तुम्ही बघा.
तोवर! शब्द लक्षात ठेवला आहे.

८ मार्च
सासऱ्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. नेटवर्कच्या तारा जोडणारा एक स्विच कारखान्यात, दुसरा रस्त्यापलीकडच्या ऑफिसात. दोन्हींची सेटिंग उघडून पाहिली. हे नेटवर्क साडूने हौसेने जोडलेलं, आणि डेटाचे सगळे रस्ते हाताने लिहून ठेवलेत. लेबलांचा डेटा या तारेने जावा, हिशेबाचा त्या तारेने. शाळेत फळ्यावर सुविचार लिहितात तसं! हसू आलं. एकट्यालाच हसावं लागलं.
मी डायनॅमिक राउटिंग लावणार. ओएसपीएफ. रात्री बायकोला समजावलं, की यात स्विच एकमेकांशी बोलतात आणि रस्ते स्वतःच शोधतात. ती म्हणाली, मग तुम्हीही भावजींशी बोला की जरा. विषय बदलला.

१० मार्च
ओएसपीएफ लावलं! आधी व्हिडिओ पाहिला. अर्धाच. उरलेला अर्धा सुरक्षिततेवर होता आणि मला ती उपजतच आहे. दोन स्विच एकमेकांना ओळखतात ते पासवर्डने. तो मी इंग्रजी अक्षरांत ठेवला: साडूगाढव. आधी कारखान्यात टाकला, मग रस्ता ओलांडून ऑफिसात. टाकताना जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता.
साडूचे जुने रस्ते तूर्त तसेच ठेवलेत. पडून आहेत बिचारे, पेन्शनीत निघाल्यासारखे.
सगळं सुरळीत चालू. वेग वाढलाय हे तर मला दारातूनच जाणवलं. अकाउंटंटला विचारलं. म्हणाला, कालच्यासारखंच आहे साहेब.
जळतो.

१२ मार्च
बातमी साडूपर्यंत जाईल अशी व्यवस्था केली. (बायकोला सांगितलं, कोणाला सांगू नकोस.) मेहुणीचा फोन आलाच. साडू म्हणे म्हणाले, बरं झालं, माझ्या डोक्याचा ताप गेला. वरवरचं सगळं. आतून अंगाचा तिळपापड झाला असणार. तिकडे एखाद्या पेशंटचा भलताच दात निघाला असेल.

१४ मार्च
उद्या सासऱ्यांची वर्षातली सर्वांत मोठी ऑर्डर निघणार. माल वेळेत गेला नाही तर गिऱ्हाईक दुसरा कारखाना गाठणार, म्हणून सासरे दिवसभर येरझाऱ्या घालताहेत. ट्रक दुपारी. हाच मुहूर्त. सकाळी साडूचे रस्ते पुसायचे, दुपारी माझ्या रस्त्यांवरून लेबलं छापून निघायची. मग साडूला शांतपणे फोन: तुमचं आता काही उरलेलं नाही.
वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. ‘आता’वर जोर द्यायचा.

१५ मार्च, सकाळी
पुसले. दोन्हीकडचे. एकेक ओळ काढताना साडूचाच एकेक दात उपटल्यासारखं वाटलं, तेही भूल न देता. लगेच सेव्हही करून टाकलं. सूड कच्चा नको.

थोड्या वेळाने
लेबलं छापली जात नाहीत. प्रिंटर बिघडला असणार.

आणखी थोड्या वेळाने
प्रिंटर ठीक आहे. तो मला ओळखू येतो. कारखान्याला ऑफिस दिसत नाही, ऑफिसला कारखाना. दोन्ही स्विच बंद करून चालू केले. काही नाही. साडूच्या ओळी जपून ठेवायला हव्या होत्या असं एक क्षुद्र मत मनात येऊन गेलं.

दुपारी
ट्रक दारात. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसलाय. सासूबाई बाकावर बसून हाताने लेबलं लिहिताहेत. अक्षर सुंदर आहे, पण खोक्यांचा डोंगर छताला लागलाय.
सासऱ्यांनी विचारलं, “जावईबापू, काय केलंत नक्की?”
मी म्हणालो, सिस्टिम शिकतेय.
“कधी शिकेल?”
उत्तर तांत्रिक होतं म्हणून दिलं नाही. सासऱ्यांनी फोन उचलला. कोणाला, ते लिहीत नाही.

संध्याकाळी
लिहितो. साडू आले, पांढऱ्या कोटातच. खुर्चीतल्या पेशंटला आ करून ठेवून आले म्हणे. स्क्रीन उघडली. मागे सासरे, सासूबाई, अकाउंटंट. पासवर्ड पडद्यावर जसाच्या तसा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. बहुधा व्हिडिओच्या दुसऱ्या अर्ध्यात होतं.
साडू मोठ्याने वाचू लागले. वाचता वाचता थांबले. मग तेवढंच पुन्हा वाचलं. “साडूगाढव.”
अकाउंटंटला खोकला आला.
साडू रस्ता ओलांडून ऑफिसात गेले, परत आले आणि प्रेमाने म्हणाले, “अहो, इथल्या गाढवातल्या ‘गा’ला एकच ए आहे, तिथल्याला दोन. म्हणून दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. इतके दिवस सगळं जुन्या रस्त्यांवरूनच जात होतं. कुठला ठेवू?”
मी म्हणालो, दोन ए.
लेबलं धडाधड निघाली. ट्रक गेला.

१६ मार्च
दोष इंग्रजी लिपीचा आहे. मराठी ‘गा’ असा फसवत नाही.
सासरे ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर मनात उलटून बोलता आलं असतं. वर साडूंनी त्यांना सांगितलं, की कल्पना बरोबरच होती, एवढी शुद्धलेखनाची चूक झाली. दया दाखवली! याचा वेगळा सूड घ्यावा लागेल.

१९ मार्च
साडूंचा फोन. रविवारी येतो म्हणाले, मला हे ओएसपीएफ शिकवा, मला रस्ते हातानेच लिहिता येतात.
सापडला! मुद्दाम चुकीचं शिकवणार.

२१ मार्च
चुकीचं शिकवायचं तर आधी बरोबर काय ते कळायला हवं. व्हिडिओचा दुसरा अर्धा लावला. फार अपमानास्पद आहे. काही पुसण्याआधी काय काय तपासावं, यावरच सगळा.

२३ मार्च, रविवार
साडू आले. मी सुरुवात झोकात केली. बरोबर किती आणि चुकीचं किती सांगितलं, माझं मलाच कळलं नाही. मग संपलं. साडू मान तिरकी करून वाट बघत राहिले. शेवटी म्हणालो, पुढचं मला येत नाही.
हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. ते म्हणाले, “मलाही नाही. चला, दोघं मिळून बघू.” आणि खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटवली.
तरी मी हार मानलेली नाही. चहाच्या निमित्ताने उठलो आणि स्वयंपाकघरात बायकोला हळूच बजावलं, त्यांच्या चहात साखर अजिबात घालू नकोस.
ती म्हणाली, ते बिनसाखरेचाच पितात.